फाईल वाचली, पण पॅरेंट क्लासचा डेटा कुठाय? जावातलं सिरिअलायझेशन आणि इनहेरिटन्स, सांगलीच्या हळदीच्या उदाहरणानं

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानाच्या सॉफ्टवेअरचा किस्सा आहे, दुकानाचं नाव घेत नाही. सौदे आटोपले, दिवाणजींनी सेव्ह दाबलं, सेव्ह झाल्याचा मेसेजही आला, आणि दुसऱ्या दिवशी उघडून बघतात तर हळदीची जात जागेवर, कुरकुमीनचा टक्का जागेवर, पण शेतकऱ्याचं नाव गायब आणि वजन सगळीकडं शून्य. एक्सेप्शन नाही, लॉगमध्ये लाल अक्षर नाही, काहीच नाही. पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा हिशेब, कुणाच्या नावानं काढायची आता?

जे गायब झालं ते सगळं पॅरेंट क्लासमधलं होतं आणि जे राहिलं ते सगळं चाइल्ड क्लासमधलं, म्हणजे त्या पॅरेंटवरून इनहेरिट करून बनवलेल्या क्लासमधलं. एवढं लक्षात आलं की अर्धं कोडं तिथंच सुटतं. उरलेलं अर्धं या लेखात, आणि नुसतं वाचू नका, प्रत्येक पायरी करून बघा, कारण यातल्या निम्म्या गोष्टी डोळ्यांनी बघितल्याशिवाय खऱ्या वाटत नाहीत.

आधी मुद्द्याचं सांगून टाकतो. सिरिअलायझेशन म्हणजे मेमरीतला ऑब्जेक्ट बाइट्स करून फाईलमध्ये लिहिणं, आणि वाचताना त्यातून तो परत उभा करणं. आपण म्हणतो की ऑब्जेक्ट सेव्ह केला, पण जावा ऑब्जेक्ट अख्खा म्हणून कधीच सेव्ह करत नाही. ऑब्जेक्टच्या वंशावळीत जितके क्लास तितके थर, आणि प्रत्येक थराचा हिशेब वेगळा. ज्या क्लासला सिरिअलायझेबलचा शिक्का आहे त्याचा थर फाईलमध्ये जातो, ज्याला नाही त्याचा जात नाही, आणि वाचताना तो थर नव्यानं बांधला जातो. सगळी भानगड या सीमारेषेवर होते.

तयारी

जेडीके १७ किंवा त्याच्या पुढचं कुठलंही घ्या. तीन क्लास करा. पहिला 'माल', त्यात शेतकरी ही स्ट्रिंग, पोती हा इंट आणि वजन हा डबल. दुसरा 'हळद', जो मालला एक्स्टेंड करतो, त्यात जात ही स्ट्रिंग, राजापुरी किंवा सेलम जे असेल ते, आणि कुरकुमीन हा डबल. तिसरा 'बेदाणा', तोही मालला एक्स्टेंड करतो, त्यात रंग. तासगावकडच्या लोकांना बेदाण्याच्या रंगावर भाव कसा हलतो ते सांगायला नको.

क्लासची नावं देवनागरीत ठेवली तरी जावाला चालतं बरं का, आयडेंटिफायरमध्ये युनिकोड अक्षरं, काना-मात्रा सगळं मान्य आहे. जेडीके १८ पासून डिफॉल्ट एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे, त्याच्या आधीचं वापरत असाल तर कंपायल करताना एन्कोडिंग सांगावं लागेल. विंडोजच्या कन्सोलवर प्रश्नचिन्हं दिसली तर घाबरू नका, तो कन्सोलच्या सेटिंगचा प्रश्न, कोड बरोबर असतो. ऑफिसच्या कोडमध्ये मात्र असली हौस करू नका, टीममधला दुसरा माणूस शिव्या घालेल.

प्रत्येक क्लासच्या प्रत्येक कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे नवीन ऑब्जेक्ट बांधताना चालणाऱ्या कोडमध्ये, एक प्रिंट टाका, 'माल बांधला', 'हळद बांधली' असं. ही प्रिंट फार महत्त्वाची आहे, पुढं सगळं कळणार आहे ते हिच्यामुळंच.

पायरी पहिली: पॅरेंटला शिक्का मारा

मालच्या पुढं इम्प्लिमेंट्स सिरिअलायझेबल लिहा. हळद आणि बेदाण्यापुढं काही लिहायची गरज नाही, पॅरेंट सिरिअलायझेबल असला की पोरं आपोआप सिरिअलायझेबल होतात. हा नुसता शिक्का आहे, मार्कर इंटरफेस म्हणतात त्याला, आत एकही मेथड नाही, जेडीके १.१ पासून हे असंच चालू आहे.

आता मेनमध्ये एक हळद तयार करा, ४० पोती, २००० किलो, राजापुरी. फाईलआउटपुटस्ट्रीम उघडा, त्याच्यावर ऑब्जेक्टआउटपुटस्ट्रीम चढवा, राइटऑब्जेक्ट कॉल करा, बंद करा. मग दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये फाईलइनपुटस्ट्रीम, त्याच्यावर ऑब्जेक्टइनपुटस्ट्रीम, रीडऑब्जेक्ट, आणि आलेला ऑब्जेक्ट माल म्हणून कास्ट करा. दुसरा प्रोग्रॅम मुद्दाम सांगतोय, एकाच रनमध्ये लिहून वाचलं तर कुठली प्रिंट कधीची हे कळत नाही.

दोन गोष्टी बघा. एक म्हणजे कास्ट माल म्हणून केला तरी आतमध्ये हळदच आहे, इन्स्टन्सऑफ लावून बघा. फाईलमध्ये ऑब्जेक्टचा खरा क्लास लिहिला जातो, तुमच्या व्हेरिएबलचा टाइप काय होता याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, त्यामुळं मालच्या एका ॲरेलिस्टमध्ये हळद, बेदाणा सगळं एकत्र टाकून एकदम लिहिलं तरी ज्याचं त्याला बरोबर परत मिळतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एकही प्रिंट आली नाही. 'माल बांधला' नाही, 'हळद बांधली' नाही. म्हणजे कन्स्ट्रक्टर चाललेच नाहीत. सिरिअलायझेबल क्लासचा कन्स्ट्रक्टर वाचताना चालत नाही, आणि फील्डपुढं बरोबर-चिन्ह देऊन जी सुरुवातीची किंमत लिहितो तीसुद्धा बसत नाही, किमती थेट फाईलमधून येऊन बसतात. कन्स्ट्रक्टरमध्ये 'वजन शून्यापेक्षा जास्त पाहिजे' असली तपासणी लिहिली असेल तर ती इथं होत नाही हे ध्यानात ठेवा.

पायरी दुसरी: शिक्का काढून पोराला मारा

आता खरी गंमत. मालवरचा शिक्का काढा आणि हळदीवर मारा. प्रत्यक्षात हे कधी होतं? पॅरेंट दुसऱ्या कुणाच्या जारमधून, म्हणजे तयार लायब्ररीच्या फाईलमधून, आलेला असतो, किंवा दहा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेला असतो आणि त्याला हात लावायची कुणाची हिंमत नसते.

मालमध्ये एकच कन्स्ट्रक्टर आहे, तीन पॅरामीटरवाला, असं धरू. लिहायचा प्रोग्रॅम चालवा. चालला! काही तक्रार नाही. वाचायचा चालवा, लगेच आपटला:

इनव्हॅलिडक्लासएक्सेप्शन: हळद, नो व्हॅलिड कन्स्ट्रक्टर

बघा हां, लिहिताना बोंब नाही, वाचताना बोंब. लिहिताना जावा फक्त एवढंच बघतो की हा ऑब्जेक्ट लिहिता येतो का. परत बांधता येईल का ही चौकशी तो वाचायच्या वेळी करतो, म्हणजे तुमचं दुकान रात्री खुशीत बंद होतं आणि सकाळी उघडतच नाही.

कारण काय? हळदीपासून वर चढत गेलं की शिक्का नसलेला पहिला क्लास माल आहे. त्याचा थर फाईलमध्ये नाही, मग तो भरायचा कशानं? जावा म्हणतो, याचा बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर चालवतो. तो नाहीच, म्हणून आपटला.

आता इथं बहुतेक जण काय करतात तर मालमध्ये एक रिकामा कन्स्ट्रक्टर टाकतात. एरर गेली, सगळे खूश. आणि नेमका इथंच आपल्या दिवाणजींचा घोटाळा झालेला असतो. चालवून बघा: 'माल बांधला' ही प्रिंट या वेळी आली, 'हळद बांधली' आली नाही, जात राजापुरी बरोबर आली, कुरकुमीन बरोबर, पण शेतकरी नल, पोती ०, वजन ०.०. एक्सेप्शन होतं तेव्हा निदान फाईल तरी बघितली असती कुणीतरी, आता गप डेटा गेला. माझं स्पष्ट मत आहे की हा रिकामा कन्स्ट्रक्टर आधीच्या एक्सेप्शनपेक्षा वाईट आहे.

खात्री करायची असेल तर सेव्ह झालेली फाईल एखाद्या एडिटरमध्ये यूटीएफ-८ म्हणून उघडा. मधी मधी कचरा दिसेल पण क्लासची आणि फील्डची नावं वाचता येतात. पहिल्या पायरीतल्या फाईलमध्ये हळद आणि माल दोन्ही नावं सापडतात. दुसऱ्या पायरीतल्या फाईलमध्ये हळद आहे, जात आहे, कुरकुमीन आहे, आणि माल हा शब्दच नाही. थर गेलाच नाही तर नाव कुठून येणार.

अजून एक प्रकार याच्याहून वाईट. समजा मालच्या त्या बिनपॅरामीटरच्या कन्स्ट्रक्टरमध्ये पावती नंबर द्यायचा कोड आहे, स्टॅटिक काउंटर एकनं वाढवायचा आणि तो नंबर ऑब्जेक्टला द्यायचा. तर फाईल प्रत्येक वेळी वाचली की प्रत्येक मालाला नवीन पावती नंबर! स्टॅटिक फील्ड तर फाईलमध्ये जातच नाही, त्यामुळं काउंटरही पहिल्यापासून. शेतकऱ्याच्या हातातली पावती एक सांगते आणि कॉम्प्युटर दुसरंच, आणि दोष कुणाचा याच्यावर दुपारपर्यंत वाद.

वंशावळ मोठी असली तरी नियम हाच. समजा वस्तू, तिच्याखाली माल, त्याच्याखाली हळद, आणि शिक्का फक्त मालवर. मग वाचताना वस्तूचा कन्स्ट्रक्टर चालतो आणि वस्तूच्या वरचे असतील तेही नेहमीसारखे चालतात, माल आणि हळदीचे चालत नाहीत. तो कन्स्ट्रक्टर पोराला दिसला पाहिजे ही अट आहे: प्रायव्हेट चालत नाही, काहीच न लिहिलेला एकाच पॅकेजमध्ये असेल तर चालतो, पॅकेज वेगळं असेल तर परत तीच नो व्हॅलिड कन्स्ट्रक्टरची बोंब. प्रोटेक्टेड ठेवा, सगळ्यात सोयीचं.

पायरी तिसरी: दुरुस्ती

माल तुमच्या हातात असेल तर जास्त विचार करू नका, त्याला शिक्का मारा आणि मोकळं व्हा. खालचं सगळं ज्यांना पॅरेंटला हात लावता येत नाही त्यांच्यासाठी.

अशा वेळी पॅरेंटचा थर लिहायची जबाबदारी पोरानं घ्यायची. हळदीमध्ये दोन प्रायव्हेट मेथड लिहायच्या. पहिली राइटऑब्जेक्ट, पॅरामीटर ऑब्जेक्टआउटपुटस्ट्रीम, आत आधी डिफॉल्टराइटऑब्जेक्ट कॉल करायचं म्हणजे हळदीची स्वतःची फील्डं गेली, मग पॅरेंटच्या गेटरनं शेतकरी, पोती, वजन घेऊन एकेक लिहायचं. दुसरी रीडऑब्जेक्ट, पॅरामीटर ऑब्जेक्टइनपुटस्ट्रीम, आत आधी डिफॉल्टरीडऑब्जेक्ट, मग त्याच क्रमानं वाचून सेटरनं भरायचं. मालचा बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर याच्यातही लागतोच हां, तो जारवाल्यानं दिलाच नसेल तर थेट खाली प्रॉक्सीच्या पायरीवर जा.

क्रमाचं मनावर घ्या. राइटइंट, राइटडबलनं लिहिलेल्या बाइट्सवर 'हा इंट, हा डबल' असं काही लिहिलेलं नसतं. मी पोती ४० आणि वजन २००० या क्रमानं लिहिलं आणि वाचताना आधी डबल मग इंट वाचला, तर चार बाइट आणि आठ बाइट मिळून बारा बाइट बरोबर संपतात, एक्सेप्शन येत नाही, आणि वजन म्हणून दशांशचिन्हापुढं तीनशे बारा शून्यं असलेला आकडा येतो, पोती ०. स्क्रीनवर दोन दशांशांपर्यंत दाखवत असाल तर ०.०० दिसणार आणि तुम्ही परत कन्स्ट्रक्टर शोधत बसणार.

स्ट्रिंगसाठी राइटयूटीएफ वापरलं तर दोन अडचणी. किंमत नल असली की नलपॉइंटर, आणि लांबी ६५,५३५ बाइटच्या पुढं गेली की एक्सेप्शन. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रासुद्धा वेगळी मोजली जाते, म्हणजे साधारण २१,८४५ चिन्हं. शेतकऱ्याच्या नावाला काय एवढं लागत नाही, पण शेरा किंवा टीप असलं फील्ड असेल तर सरळ राइटऑब्जेक्टनं स्ट्रिंग लिहा, दोन्ही कटकटी मिटतात.

आणि या मेथडची सही, म्हणजे सिग्नेचर, अगदी तंतोतंत पाहिजे. प्रायव्हेटच्या जागी पब्लिक केलं, किंवा पॅरामीटर नुसता आउटपुटस्ट्रीम ठेवला, तर कंपायलर काही बोलत नाही आणि मेथड कधी कॉलच होत नाही. जावा १४ पासून सिरिअल नावाचं ॲनोटेशन आलंय ते या मेथडच्या डोक्यावर लावा आणि जावासीला, म्हणजे जावाच्या कंपायलरला, लिंटचा सिरिअल पर्याय द्या, म्हणजे सही चुकली तर वॉर्निंग मिळते, जेडीके १८ पासून ही तपासणी बरीच कडक झालीय.

प्रायव्हेट का, असं हमखास विचारतात. प्रायव्हेट मेथड ओव्हरराइड होत नाही, म्हणून प्रत्येक क्लासची आपापली राइटऑब्जेक्ट असू शकते आणि जावा त्या वरून खाली एकेक कॉल करतो, आधी पॅरेंटची मग पोराची. त्यामुळं यात सुपर लिहून वरची मेथड कॉल करायचा प्रश्नच येत नाही. एक्सटर्नलायझेबल इंटरफेस वापरला तर मात्र उलट: तिथं मेथड पब्लिक, सुपर तुम्हालाच कॉल करावं लागतं, आणि त्या क्लासला स्वतःचा पब्लिक बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर लागतो.

पॅरेंटला सेटरच नसतील, सगळं कन्स्ट्रक्टरमधून भरायचं असेल तर? मग प्रॉक्सी, म्हणजे हळदीच्या बदली फाईलमध्ये जाणारा दुसरा ऑब्जेक्ट. एक छोटं रेकॉर्ड, म्हणजे नुसता डेटा धरणारा क्लास, करा, रेकॉर्ड जावा १६ पासून पक्के झालेत, त्यात शेतकरी, पोती, वजन, जात, कुरकुमीन सगळं सपाट ठेवा, रेकॉर्डलाही सिरिअलायझेबलचा शिक्का लागतोच. हळदीमध्ये प्रायव्हेट राइटरिप्लेस लिहून ते रेकॉर्ड परत करा, आणि रेकॉर्डमध्ये रीडरिझॉल्व लिहून त्यात नेहमीच्या कन्स्ट्रक्टरनं नवीन हळद बांधून द्या. फाईलमध्ये हळद जातच नाही, रेकॉर्ड जातं. फायदा असा की रेकॉर्ड वाचताना त्याचा कन्स्ट्रक्टर खरोखर चालतो आणि पुढं हळदीचाही चालतो, म्हणजे सगळ्या तपासण्या होतात. हळदीच्या खाली अजून कुणी पोर काढणार नसेल तर मला हाच रस्ता सगळ्यात आवडतो. पोर काढणार असतील तर नको, राइटरिप्लेस प्रायव्हेट आहे, ते खाली पोचत नाही.

उलटा प्रश्न: बाप सिरिअलायझेबल, पोराला नको

समजा 'काट्यावरचा माल' असा एक चाइल्ड क्लास आहे, त्यात वजनकाट्याशी जोडलेल्या पोर्टचं कनेक्शन आहे. बापाचा शिक्का पोराला काढून टाकता येत नाही. लिहायला गेलं की नॉटसिरिअलायझेबलएक्सेप्शन, आणि त्यात कनेक्शनच्या क्लासचं नाव.

सोपा उपाय, त्या फील्डला ट्रान्झियंट करा, म्हणजे लिहिताना जावा ते फील्ड वगळतो. वाचल्यावर ते नल असणार, म्हणून वापरायच्या वेळी नल असेल तर कनेक्शन परत उघडा. इथं एक फसवं आहे: ट्रान्झियंट लिस्ट केली आणि तिथंच न्यू ॲरेलिस्ट लिहिलं तरी वाचल्यावर ती नलच असते, कारण वर सांगितलं तसं सुरुवातीची किंमत बसतच नाही. आणि हा ऑब्जेक्ट सेव्ह होणंच चूक असेल तर राइटऑब्जेक्ट आणि रीडऑब्जेक्ट दोन्ही लिहून दोन्हीतून नॉटसिरिअलायझेबलएक्सेप्शन फेका. एवढंच, याच्यात खोल काही नाही.

व्हर्जन नंबर, आणि पुल अपचा सापळा

पुढच्या हंगामात कुणीतरी म्हणणार, मालमध्ये ओलाव्याचा टक्का पण पाहिजे. तुम्ही फील्ड वाढवलं, आणि जुन्या सगळ्या फाईल बंद: लोकल क्लास इनकम्पॅटिबल, आणि पुढं दोन भलेमोठे आकडे. हा सिरिअलव्हर्जनयूआयडी. तुम्ही दिला नाही तर जावा क्लासचं नाव, इंटरफेस, फील्डं, मेथड वगैरे गोळा करून त्याच्यावर शा-१ हा हॅश लावून स्वतः काढतो, आणि फील्ड वाढलं की आकडा बदलला.

म्हणून पहिल्या दिवसापासून प्रायव्हेट स्टॅटिक फायनल लाँग म्हणून लिहून टाका, १ लिहिलं तरी चालतं. पण इनहेरिटन्समधली गोम अशी की हा नंबर वारशानं मिळत नाही. मालला दिला म्हणून हळदीला मिळाला असं नाही, प्रत्येक थराचा वेगळा द्यायचा आणि वाचताना प्रत्येक थराचा वेगळा तपासला जातो. एक्सेप्शनमध्ये कुठल्या क्लासचं नाव आलंय ते वाचा, बऱ्याचदा लोक हळदीला घासत बसतात आणि भांडण मालचं असतं.

नंबर दिला की फील्ड वाढवणं बिनधास्त, जुन्या फाईलमधून ओलावा ०.० येतो. इंटचा डबल केला तर मात्र नंबर तोच असूनही एक्सेप्शन. मध्ये नवीन क्लास घातला, म्हणजे मालच्या खाली शेतमाल आणि त्याच्या खाली हळद, तर जुन्या फाईलमध्ये शेतमालचा थरच नाही, त्याची फील्डं शून्य-नल राहतात. तिथं चांगली सुरुवातीची किंमत द्यायची असेल तर शेतमालमध्ये रीडऑब्जेक्टनोडेटा नावाची प्रायव्हेट मेथड लिहायची, ती नेमकी याच वेळी कॉल होते. या मेथडचं नाव फार कमी लोकांनी ऐकलेलं असतं.

आणि आता तो सापळा. हळदीमध्ये 'दर' होता, बेदाण्यातही 'दर' होता, आयडीईमध्ये राइट क्लिक करून पुल अप केलं, दर मालमध्ये गेला. कोड सुंदर झाला, टेस्ट पास, नंबर तेच. जुनी फाईल वाचली की दर ०. कारण जुन्या फाईलमध्ये दर हळदीच्या थरात आहे, आताच्या हळदीत तसं फील्ड नाही म्हणून जावा तो गपचूप टाकून देतो, आणि मालच्या थरात दर नाही म्हणून तिथं शून्य. नाव तेच, टाइप तोच, पण थर बदलला. म्हणून पुल अप करायच्या आधी जुन्या कोडनं जुन्या फाईल वाचून डेटाबेसमध्ये किंवा दुसऱ्या फॉरमॅटमध्ये काढून घ्या, मग कोड हलवा.

अजून दोन ठिकाणी पाय घसरतो

मालच्या रीडऑब्जेक्टमधून अशी मेथड कॉल करू नका जी हळदीनं ओव्हरराइड केलीय. थर वरून खाली भरतात, मालचा भरत असताना हळदीचा अजून कोराच आहे, ओव्हरराइड केलेली मेथड कोऱ्या किमतींवर हिशेब करून मोकळी होते.

दुसरं रीडरिझॉल्वचं. ही मेथड प्रोटेक्टेड ठेवली तर पोरांना वारशानं मिळते. मालच्या रीडरिझॉल्वनं एखादा ठरावीक माल परत केला, तर हळद वाचायला गेल्यावरही तोच माल हातात येतो आणि क्लासकास्टएक्सेप्शन. पोरं असतील तर प्रायव्हेट ठेवा नाहीतर प्रत्येक पोरात ओव्हरराइड करा.

जेसन वापरलं तर सुटका होते का?

अर्धी. जेसन म्हणजे डेटा साध्या मजकुरात लिहायचा फॉरमॅट, आणि त्याची जॅक्सनसारखी लायब्ररी गेटर बघून लिहिते, पॅरेंटचे गेटरही त्यात आपोआप येतात, शिक्का असो नसो. म्हणजे बापाचा डेटा जायची भीती नाही. पण इथं उलटा रोग: डेटा राहतो आणि टाइप जातो. मालची लिस्ट लिहिली, परत वाचताना त्या कंसांच्या ढिगातलं कुठलं हळद आणि कुठलं बेदाणा हे लायब्ररीला कळणार कसं? त्यासाठी मालवर जेसनटाइपइन्फो लावून टाइप नावानं लिहायला सांगायचं आणि जेसनसबटाइप्समध्ये हळद, बेदाणा यांची नावं द्यायची. नाव वापरा, अख्खं क्लासनेम नको, क्लासनेम फाईलमधून घ्यायला लागलात की सुरक्षेची नवीन कटकट. एवढं करूनही लिस्ट थेट लिहिली तर टाइपचं नाव कधी कधी येतच नाही, कारण जेनेरिक्सचा टाइप रनटाइमला पुसला गेलेला असतो, तेव्हा लिस्ट एखाद्या क्लासच्या फील्डमध्ये ठेवून तो क्लास लिहा नाहीतर रायटरफॉरनं टाइप सांगा.

पायथॉनवाल्यांसाठी दोन ओळी: पिकल हे तिथलं सिरिअलायझेशन, त्यातही इनिट, म्हणजे तिथली कन्स्ट्रक्टरसारखी मेथड, चालत नाही, पण साध्या क्लासची सगळी फील्डं, बापाची पोराची मिळून, एकाच डिक्शनरीत असतात म्हणून हा थरांचा घोटाळा सहसा होत नाही. गेटस्टेट ओव्हरराइड केलं की मात्र बापाचं काय ते तुम्हीच बघायचं.

बाहेरून आलेली फाईल

दुसऱ्यानं दिलेली फाईल किंवा नेटवर्कवरून आलेले बाइट थेट रीडऑब्जेक्टला देऊ नका. २०१५ मध्ये अपाचे कॉमन्स कलेक्शन्समधल्या साध्यासुध्या क्लासांची साखळी लावून, नुसती फाईल वाचायला लावून सर्व्हरवर हवी ती कमांड चालवता येते हे दाखवलं गेलं, आणि त्यानंतर भल्याभल्या कंपन्यांची झोप उडाली. कास्ट करायच्या आधीच काम झालेलं असतं, त्यामुळं 'मी तर हळद म्हणून कास्ट करतो' हा बचाव नाही. डॉटनेटमध्ये तर अशाच कारणांमुळं बायनरीफॉरमॅटर व्हर्जन ९ मध्ये काढूनच टाकला.

जावा ९ पासून ऑब्जेक्टइनपुटफिल्टर आहे. चालणाऱ्या क्लासची यादी द्यायची आणि शेवटी बाकी सगळ्यांना नकार. इथंही थर आडवे येतात: फिल्टर फाईलमधल्या प्रत्येक थराच्या क्लासला विचारतो, म्हणून यादीत नुसती हळद लिहून भागत नाही, माल पण लिहावा लागतो. इंटिजर किंवा डबलचे ऑब्जेक्ट असतील तर त्यांचा बाप नंबर क्लास, तोही यादीत पाहिजे. रिजेक्टेड म्हणून एक्सेप्शन आलं आणि यादीत इंटिजर तर समोर दिसतोय, अशी डोकेदुखी झाली की नंबर आठवा.

टेस्ट कशी लिहायची

प्रत्येक शेवटच्या पोराची एक टेस्ट, म्हणजे हळदीची वेगळी, बेदाण्याची वेगळी. ऑब्जेक्ट बाइटॲरेमध्ये लिहा, परत वाचा, आणि पॅरेंटची फील्डं एकेक करून तपासा. नुसतं इक्वल्स लावू नका, हळदीच्या इक्वल्समध्ये फक्त जात आणि कुरकुमीन तपासलं असेल तर टेस्ट हिरवी दिसेल आणि वजन शून्यच असेल. टेस्टमधल्या किमती शून्य, नल किंवा रिकामी स्ट्रिंग ठेवू नका, हरवलेली किंमत पण तशीच दिसते, मग पकडणार काय.

आणि आजच्या व्हर्जननं लिहिलेली एक खरी फाईल टेस्टच्या फोल्डरमध्ये टाकून गिटमध्ये कमिट करा. पुल अपवाली चूक फक्त हीच पकडते, कारण लगेच लिहून लगेच वाचणाऱ्या टेस्टमध्ये दोन्ही बाजूला नवीनच कोड असतो. पुढचं व्हर्जन आलं की त्याची अजून एक फाईल टाका, जुनी काढू नका.